दुपारी एकची संध्याकाळ

"गेले! पुन्हा वर गेले!" धीरज ओरडला.

घर्रर्र करत दिवाणखान्याच्या चारही खिडक्यांचे पडदे वर सरकले आणि मे महिन्यातलं सिंदी मेघे गावचं रणरणतं ऊन थेट कॅरमवर येऊन बसलं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सलग तिसरा दिवस!

"रिमोट कोणाजवळ होता?" रुचिकाने विचारलं.

"कोणाजवळच नाई. तो पाह्य, टीव्हीवर आहे," आचल म्हणाली. तिने रिमोट दाबून पडदे खाली आणले. पाच मिनिटांत ते पुन्हा वर!

रुचिका आणि तिचा धाकटा भाऊ धीरज देवळीहून सुट्टीला मोठेबाबांकडे आले होते. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ रूपराव, सोयाबीनचे व्यापारी. आचल त्यांची मुलगी. २००८ सालच्या त्या उन्हाळ्यात मोठेबाबांनी हौसेने विजेच्या मोटारीवर सरकणारे पडदे बसवून घेतले होते. पडदे, फाटकावरचा दिवा आणि रिमोट, सगळं जिन्याखालच्या एका पांढऱ्या डब्याशी जोडलेलं. गच्चीवर ऊन ओळखणारा छोटासा काचेचा डोळा. ऊन चढलं की पडदे आपोआप खाली, दिवस मावळला की वर! गल्लीतली माणसं बघायला यायची आणि मोठेबाबा त्यांना चहा पाजून पाजून दाखवायचे.

हे सारं जोडलं होतं देवळीच्या हेमराजदादाने. आयटीआय करून त्याने नुकतंच दुकान थाटलं होतं. आपल्या गावचा म्हणून रुचिकाला त्याचं भारी कौतुक. पण आज सकाळीच मोठेबाबांनी त्याला फोनवर झापलं होतं. "दोन दिवस येऊन गेला, फरक काही नाई! उद्या दुपारी येजो. नाई सुधरलं तं समदं काढून नेजो. अन् नानाजीच्या हॉलचं काम विसरून जाजो!"

नानाजी म्हणजे मोठेबाबांचे मित्र; त्यांच्या लग्नाच्या नव्या हॉलला चाळीस खिडक्या होत्या आणि मोठेबाबांच्या शब्दावर ते काम हेमराजदादाला मिळणार होतं. ते काम गेलं तर हेमराजदादाचं दुकान कसं चालणार? बिचारा संध्याकाळी येऊन सगळं तपासायचा, आणि तेव्हा सगळं अगदी ठाकठीक असायचं! रुचिकाला फार वाईट वाटत होतं.

ती खिडकीशी गेली आणि थबकली.

"अगं, फाटकावरचा दिवा बघ! भर उन्हात लागलाय!"

"मंग त्याचं काय?" धीरज म्हणाला.

"अरे, पडदे वर अन् दिवा चालू. असं रोज कधी होतं?"

"सात वाजता," आचल म्हणाली. "दिवस बुडल्यावर."

"म्हणजे घराला वाटतंय, संध्याकाळ झाली! गच्चीवरच्या डोळ्याला काहीतरी झालंय. चला!"

पण जिन्यातच आचलची आई, शोभाबाई, उभी. "कुठं निघाली वरात? पारा सत्तेचाळीसवर आहे! झोपा मुकाट्यानं!"

दुसऱ्या दिवशी मात्र तिघं तयारीने निघाली. डोक्याला ओले पंचे, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. पावणेएकलाच ती जिन्याच्या दाराआड जाऊन बसली.

"माह्या मेंदूची भजी होऊन राह्यली," धीरज कुजबुजला.

"त्यासाठी आधी मेंदू लागतो!" आचल म्हणाली.

"श्श्!"

पावलं वाजली. डोक्याला रुमाल बांधून मोठेबाबा गच्चीवर आले! त्यांनी कोपऱ्यातलं घमेलं उचललं, त्या डोळ्यावर अलगद पालथं घातलं, वर एक वीट ठेवली आणि समाधानाने खाली गेले. तिघांनी तोंडं दाबून धरली.

रुचिका विचारात पडली. हेमराजदादासमोर मोठ्यांची चूक सांगायची कशी? आणि सांगून पटेल का? मग तिला युक्ती सुचली. "धीरज, तू इथंच थांब. थाळी वाजली की घमेलं उचल."

खाली पडदे वर गेले होते आणि मोठेबाबा हेमराजवर गरजत होते. हेमराज मान खाली घालून तारा सोडायला लागला होता.

"मोठेबाबा, थांबा! मी थाळी वाजवली की पडदे खाली येतील!"

"काऊन वं, जादू शिकली का?"

रुचिकाने स्टीलच्या ताटावर चमचा हाणला. ठण्ण! काहीच झालं नाही. तिने आणखी एकदा जोरात हाणला. आणि घर्रर्र... चारही पडदे शहाण्यासारखे खाली आले. फाटकावरचा दिवाही विझला!

तेवढ्यात धीरज घमेलं डोक्यावर घेऊन आत आला.

"अरे! माहं घमेलं काऊन आणलं?" मोठेबाबा बोलून गेले, आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "एवढी महागाची वस्तू! उन्हात वितळून जाईन म्हणून जेवलो की झाकतो अन् चारला काढतो. चार दिवस झाले."

"अहो, मंग सांगाचं नाई?" शोभाबाईंनी कपाळावर हात मारला.

"कोणी विचारलंच नाई!"

"तो डोळा उन्हासाठीच बनवला आहे, भाऊ," हेमराज हळूच म्हणाला. "झाकला की त्याले रात्र वाटते."

मोठेबाबा उठून हेमराजजवळ गेले. "माहं चुकलं, बाप्पा. वस्तूले जपलं, पण माणसाले नाई जपलं." त्यांनी रुचिकाच्या पाठीवर थाप मारली. "अन् या तिघाइनं तं माहे डोयेच उघडले! शाबास!"

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "नानाजी, तुमच्या चाळीसही खिडक्या या हेमराजलेच द्या. हो, हो, माह्या घरचं काम एकदम पक्कं आहे!"

हेमराजने पटकन पाठ फिरवून डोळे पुसले. रुचिकाने ते पाहिलं आणि तिलाही भरून आलं.

मोठेबाबा फोन ठेवता ठेवता थांबले. "अन् नानाजी, गच्चीवर तेवढं काही झाकू नका बरं!"