मागची डिस्क

लाइट काही आता जल्दी येत न्हाई. बसा, चहा सांगितलाय. तोवर तातेरावाचं सांगतो. ही ऐकीव गोष्ट न्हाई, पाना माझ्याच हातात होता.

तुमच्यातले निम्मे तातेरावाला ओळखतात. तीर्थपुरीच्या बाहेर कापसाची जिनिंग हाये, तिथं तो रात्रपाळीला वॉचमन होता. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आल्ता. म्हणे, मुनीरभाई, मागचं चाक जड जाऊन राह्यलंय, बघा जरा. काम साधंच. डिस्कब्रेक पुरता सुटला न्हाई की आतले पॅड डिस्कला घासत राहतात. गाडी ओढत न्हाई, पेट्रोल खाते आन् डिस्क तव्यासारखी तापते. मी कॅलिपर, म्हंजे पॅड धरणारा चिमटा, खोलला, पिस्टन साफ केला, नवं सील टाकलं, पॅड बदलले. चाक हातानं फिरवलं तर फिरतच राह्यलं. म्हणलो, जा, आता तुझी पोरगी पण एका हातानं ढकलेल.

बोललो आन् जीभ चावली. त्याची मोनाली, नऊ वर्षांची, दिवाळीच्या तोंडावरच तापात गेल्ती.

त्यानं पैसे दिले आन् गेला. आठवड्यात परत हजर. म्हणे, दिवसा गाडी बराबर चालते. जिनिंगवरून घरी येताना पण बराबर. फक्त रात्री कामावर निघालो की धरते, घराच्या दारापासून कोपऱ्यावरच्या हापशापर्यंत. मी म्हणलो, तिला पण रात्रपाळी नको वाटती. तो हसला न्हाई.

मला राग आल्ता. माझ्या हातची गाडी अशी परत येत न्हाई. मंग डिसेंबरच्या चार तारखेला, पौर्णिमेच्या रात्री, नऊ वाजता पान्यांची पिशवी घेऊन त्याच्या घरी गेलो. बेबीनंदावहिनी आत भांडी घासत होत्या. तातेरावानं हॅण्डलला डबा अडकवला, गाडी चालू केली, गिअर टाकला. इंजिन ओरडलं. गाडी वीतभर सरकली आन् बसली. म्हणलो, बंद कर. न्यूट्रलला घेतली. दोघांनी ढकलली. हलंना.

खाली बसलो आन् अख्खा कॅलिपरच काढून बाजूला लटकवला. आता नीट ऐका. त्या चाकाला धरणारं काहीच उरलं न्हाई. साखळी ढिली. डिस्क उघडी. बोटानं फिरावं असं चाक.

ढकलली.

हलंना...

गल्लीत एक कुत्रं न्हाई. आत भांड्यांचा आवाज थांबला.

मी डिस्कला हात लावला. गरम. दुपारपासून उभी असलेली गाडी... गरम. ब्रेकची गरमी चटका देते, हात झटकन मागं येतो. ही तशी न्हाई. ताप आलेल्या लेकराचं कपाळ असतं... तशी.

तातेरावाकडं बघितलं. त्याचा हात सीटमागच्या दांडीवर होता.

"त्या रात्री तिनं इथंच धरलं होतं," तो म्हणाला. "पप्पा, आज नका जाऊ म्हणे. ते ती रोजच म्हणायची. मला उशीर झाल्ता. मी एक एक बोट सोडवलं... हात गरम लागला मला, मुनीरभाई. म्हणलं, सकाळी बघू."

सकाळी तो आला तवा पोरगी बोलत नव्हती. जालन्याला नेईपर्यंत...

वहिनी दारात उभ्या होत्या. हे त्यानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी दोन पोरींचा बाप हाये, मला तिथं उभं राहवंना. वाटलं, आता ह्या तोंड फिरवून आत जातील, आन् हा माणूस आज संपला. त्या पायरी उतरल्या. किती वेळ गाडीकडं बघत राह्यल्या. मंग हॅण्डलचा डबा काढून हातात घेतला.

तातेराव चाकाशी वाकला.

"मोने... न्हाई जात मी. सोड."

कोणाचाच हात गाडीला नव्हता. चाक फिरलं. गाडी हळूच मागं आली... दाराकडं.

त्यानं रात्रपाळी सोडली. आता दिवसा बाजारात हमाली करतो, अंधार पडायच्या आत घरी. गाडी तीच हाये, बिलकुल धरत न्हाई. मीच त्याला दोनदा म्हणलो, डिस्क बदलून घे. लई तापली की डिस्क निळी पडते, पण पडते ती सगळी, गोल. हिच्यावर चारच निळे डाग हायेत, शेजारी शेजारी, माझ्या करंगळीहून बारीक. पॉलिश पेपर मारून बघितला, जात न्हाईत. वहिनी रोज सकाळी गाडी पुसतात... तेवढी जागा सोडून.