ओल्या सांध्यावरचा अंगठा

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या निम्म्या गालाला साबणाचा फेस होता आणि गच्चीवरून दोरांनी सोडलेला माझा कामाचा झुला नेमका त्याच्या खिडकीसमोर येऊन थांबला होता. तो दचकला. मीही दचकले, पण चौथ्या मजल्याबाहेर लटकणाऱ्या माणसाला दचकून चालत नाही.

"अहो... तुम्ही इथे कशा?"

"वरून आले. तुमची दाढी चालू द्या, मला ही फट भरायचीय."

तेव्हा मी मामाच्या हाताखाली इमारतींचे सांधे भरायचं काम शिकत होते. मोठी इमारत सलग बांधत नाहीत. दोन भागांमध्ये एक उभी फट ठेवतात, म्हणजे उन्हात भिंतींना फुगायला जागा राहते. त्या फटीतून पाणी आत शिरू नये म्हणून ती रबरासारख्या सीलंटने बंद करायची. फोमची दोरी आत दाबायची, कडांना कागदी टेप लावायची, पिचकारीसारख्या गनने सीलंट भरायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेली पट्टी एका दमात वरून खाली ओढायची. ती ओढ मला साधली होती, आणि त्याचा मला चांगलाच माज होता. हे काम पास झालं की पुढचं काम मामा माझ्या एकटीच्या हाती देणार होता. पोरीला झुल्यावर चढवलं म्हणून लोक त्याला हसले होते. मला त्यांचे दात त्यांच्याच घशात घालायचे होते.

दुसऱ्या दिवशी पाहते तर काय... त्याच्या खिडकीशेजारी, ओल्या सीलंटमध्ये एक ठसठशीत अंगठा!

मी काच वाजवली. "हे काय?"

तो एका रेडिओचं पोट उघडून बसला होता. रेडिओ दुरुस्तीवरच त्याचं पोट होतं. "मांजर असेल," तो म्हणाला.

"मांजराला अंगठा असतो?"

"आमचं जरा हुशार आहे."

"कुठंय?"

"ते... बाहेर गेलंय."

हसू दाबत मी तेवढा तुकडा कापून पुन्हा भरला. पुढच्या दिवशी पुन्हा अंगठा. त्यानंतरही. मी रागवायचे, तो रेडिओ सुरू करायचा — "ऐका ना, खरखर गेली का सांगा" — आणि मी पट्टी हातात धरून ऐकत राहायचे. त्याच्या सोल्डरिंगचा धूर आणि माझ्या सीलंटचा आंबूस वास खिडकीत एकमेकांत मिसळायचे. अजूनही कुठे ते दोन वास एकत्र आले की माझा पाय तिथून निघत नाही. खरं सांगते, झुला चौथ्या मजल्यावर आला की मी आधी केस सारखे करायचे आणि मग भिंतीकडे बघायचे.

तपासणीच्या सकाळी मात्र माझं धाबं दणाणलं. आदल्या संध्याकाळी नीट केलेल्या जागी पुन्हा अंगठा होता! काम तपासायला आलेले साहेब त्याच्याच खोलीतून वाकून बघत होते. मी आणि मामा बाहेर झुल्यात.

"याला काम म्हणायचं?" साहेब मामाला म्हणाले. "मुलीच्या हाती दिलं की असंच व्हायचं."

मामाची मान खाली गेली. माझे डोळे भरून आले. साहेबांमागे उभ्या त्या रेडिओवाल्याचा मला पहिल्यांदाच खराखुरा राग आला.

"साहेब, तो अंगठा माझा आहे." तो पांढराफटक पडला होता. पुढे होऊन त्याने अंगठा त्या खळग्यावर टेकवला. चपखल बसला.

"कशाला लावलात?"

"पहिल्यांदा... सुकलं का ते बघायला."

"आणि नंतर?"

"नंतर... या परत याव्यात म्हणून."

झुला हलला नव्हता, तरी मी दोर घट्ट धरला. साहेबांनी मामाकडे पाहिलं, मामाने माझ्याकडे, आणि मी खाली रस्त्याकडे.

"मग सरळ बोलायचं ना बाबा!" मामा म्हणाला. "भिंतीने काय घोडं मारलंय तुमचं?"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी खिडकीतून हात पोचेल तेवढा बाकीचा सांधा ताणून, दाबून पाहिला आणि काम पास केलं. मामा खिडकीतून आत शिरून त्यांच्याबरोबर खाली गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, खिडकीच्या आत तो आणि बाहेर मी.

"माझं काम बुडालं असतं, कळतंय?"

"कळतंय. चुकलो."

"मी आवडत असेन तर माझं कामही आवडायला हवं."

"हो."

"मी आता दुसऱ्या गावी जातेय. माझं स्वतःचं काम आहे. ते संपलं की तिसऱ्या गावी..."

तो 'जाऊ नका' म्हणेल अशी भीती होती. 'वाट पाहीन' म्हणेल अशीही. वाट पाहणाऱ्या माणसाचं ओझं होतं हो! तो म्हणाला, "तिथेही रेडिओ बिघडतच असतील की."

आमच्या संसारात मी त्याला पुढे हजार प्रश्न विचारले, पण इतकं सरळ उत्तर त्याने मला पुन्हा कधी दिलं नाही.