चाळीस बंद बरण्या

थोरलीचं डोकं तिच्याच पितळी बत्त्यानं फोडलं होतं. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. रक्त ओट्यावरून ओघळून साखरेच्या पोत्याखाली शिरलं होतं. वर फळीवर भेटीच्या गोळ्यांच्या चाळीस बरण्या रिबिनी बांधून तयार होत्या.

त्या बरण्यांनीच धाकट्या बहिणीला कोठडीत नेलं.

"दहाला ती पाक उकळत होती," फौजदार म्हणाले. "एवढ्या बरण्या भरून, बांधून व्हायला तीन वाजणारच, म्हणजे खून त्यानंतरचा. चारला धाकटी आत सापडली, हातांना रक्त लागलेलं. चुलीच्या धगीमुळे डॉक्टरलाही नेमकी वेळ सांगता येईना."

दुसऱ्या दिवशी दोघींचे वडील, आबा, अक्कांच्या दारात उभे राहिले. "एक गेली. दुसरी तरी परत आणा," एवढंच ते म्हणाले.

अक्का खाजगी तपास करत. सोबतीला मास्तर असत. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत चहा गार व्हायचा, पण माणूस जिवाला जीव देणारा.

शेजारीण भडाभडा बोलली. "थोरली फार चोखंदळ हो. कुणाला कापडी बटवा, कुणाला काडेपेटीसारखी सरकती डबी. बरणी असली तर मानेभोवती रिबिनीचं फूल, टोक ओढलं की सुटणारं. गोळ्या दुपारपर्यंत पंख्याखाली. मी एकदा घाईनं झाकण लावायला गेले, तर हातावर चापट मारली."

"काल काही ऐकलंत?"

"तीननंतर काहीच नाही. सकाळी साडेदहाला बत्ता वाजला. म्हटलं, बदाम कुटतेय."

धाकटीचा नवरा पार्सल कचेरीत गठ्ठे बांधायचा. "बारा ते सहा मी खिडकीवर होतो, साहेबांना विचारा," तो म्हणाला. "ताईंना मदत कर, पण चारलाच जा, असं मीच हिला सांगितलं. माझंच चुकलं."

कोठडीत धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या दंडावर पिवळे पडलेले वळ होते.

"पडले होते," ती म्हणाली.

अक्कांनी थोरलीच्या स्वयंपाकघरात एक बरणी उचलली. रिबीन तळाखालून फुलीसारखी आवळलेली, गाठ इतकी घट्ट की कात्री लावावी लागली. झाकणाला आतून पाण्याचे थेंब. साध्या लिंबाच्या गोळ्यांचा एकच गोळा झाला होता.

"वाया गेल्या बिचाऱ्या," मास्तर हळहळले.

संध्याकाळी अक्कांनी सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"गोळ्या गरम असतानाच बरण्या बंद झाल्या, म्हणून आत वाफ धरली," त्या म्हणाल्या. "थोरलीनं हे जन्मात केलं नसतं. म्हणजे बरण्या भरल्या तेव्हा ती मेलेली होती. गोळ्यांत बदाम नाही. साडेदहाला बत्त्याखाली तिचं डोकं होतं."

त्या धाकटीच्या नवऱ्याकडे वळल्या.

"खुनी तासाभरात चाळीस बरण्या बांधून गेला, खून दुपारचा वाटावा म्हणून. कारण दुपारी तो खिडकीवर होता. तळाखालून फुली आणि न सुटणारी गाठ, ही पार्सलवाल्याची सवय. बायकोला चारलाच पाठवलंस ते यासाठी. तिच्या दंडावरच्या वळांचा जाब थोरलीनं विचारला ना?"

"ती माझी बायको पळवणार होती," तो शांतपणे म्हणाला आणि ओट्यावरची कात्री उचलून अक्कांवर धावला.

मास्तर मध्ये आले. कात्री त्यांच्या तळहातातून आरपार गेली, तरी त्यांनी त्याची मान सोडली नाही. फौजदारांनी त्याचं तोंड ओट्यावर आपटलं, दोन दात पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी सुटली. आबांनी तिला चौकीच्या पायरीवरच जवळ घेतलं.

"माझ्यामुळे गेली ताई," ती म्हणाली. "मीच तिला वळ दाखवले होते."

"अगं, मला का नाही दाखवलेस?"

धाकटीनं त्यांचे हात हळूच बाजूला केले.

"तुम्हालाच आधी दाखवले होते, आबा. तुम्ही म्हणालात, संसारात थोडं सोसावं लागतं."