लाल पट्टीचे तीन वेढे

दिवा मालवायचा तर मालवा, मात्र मध्ये बोलू नका. माझा मेहुणा ध्वनिक्षेपकांचे काम करीत असे. ही हकीकत त्याने मला रुग्णालयात सांगितली. मी पदरचा शब्द घालणार नाही.

मैदानावरील संगीतमहोत्सवाचे ते पन्नासावे वर्ष होते. चिटणीस महोत्सवाच्या इतिहासाची, छपाईआधी तपासायची मुद्रिते घेऊन मेहुण्याकडे आले.

"काका, बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज वाढवलेत, आता स्वतःचा थोडा ऐकवा. अठराव्या वर्षी तुमचे वस्ताद कशाने गेले?"

"हृदयविकारानं."

"पण लोक म्हणतात, मारहाण..."

"लोकांना काय, जिभेला हाड नसतं! सकाळी छापून टाका."

खरी गोष्ट निराळी होती. वस्तादांची शिस्त अशी, की तारेचा जोड आवळून, ओढून पाहिल्यावरच त्यावर लाल कापडी पट्टीचे तीन वेढे द्यायचे. स्वतः ते डावरे; त्यांची गाठ उलटी पडे. त्या वर्षी मेहुण्याने, त्यांच्या हाताखाली असताना, एका सैल जोडावर घाईने नुसतीच पट्टी गुंडाळली. ऐन मैफिलीत आवाज गेला. खवळलेल्या जमावाने वस्तादांना मंचावरून खेचले आणि लोखंडी दांड्यांनी ठेचून मारले. मेहुणा मंचाखाली दडून पाहत राहिला. महोत्सवाची बदनामी नको म्हणून कागदोपत्री हृदयविकार लागला, आणि जोड आपला होता, हे त्याने कधीही कबूल केले नाही.

गेल्या नोव्हेंबरातील दुसरा शनिवार. चिटणीस येऊन गेले त्याच रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे. रिकाम्या मैदानावर तो एकटाच शेवटची चाचणी घेत होता.

"एक... दोन..."

कर्ण्यांतून प्रश्न आला.

"जोड कोणी बांधला रे?"

वस्तादांचा आवाज.

"वस्ताद... मी..."

"कोणी?"

पहिला घाव डाव्या मनगटावर. हाड मोडले. तो आवाज मैदानभर घुमला. समोर कोणी नव्हते. दुसरा घाव बरगड्यांवर. तिसरा तोंडावर. दात. रक्त. अंधारातून धावत येणारी हजारो पावले... जवळ... आणखी जवळ...

"मी बांधला! मी!"

...

शांतता.

फाटकावरच्या रखवालदाराने ती आरोळी कर्ण्यांतून ऐकली आणि तो धावत आला. मेहुणा वाचला. त्याने रुग्णालयातूनच चिटणिसांना बोलावले. छपाई थांबली, ते पान बदलले.

मात्र डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "हे मनगट आधी कोणी बांधलं? हाड अगदी जागेवर बसवलंय."

मी पाहिले. जुनी लाल कापडी पट्टी. तीन वेढे. मेहुण्याचा डावा हात तर मोडलेला...

गाठ उलटी होती.