चाक तापत नव्हतं

"पाणी ओतू नका हां!"

बाटली माझ्या हातात तिरकीच राहिली. पिकअपच्या मागच्या उजव्या चाकातून धूर येत होता, धारगळच्या वळणावर मी एकटी उभी होते, आणि हा कोण कुठला स्कूटरवरून ओरडत आला होता.

"ओतू नको तर काय आरती ओवाळू?" मी म्हणाले.

तो हसला. हँडलला उंड्या पावांची पिशवी, कपाळावर ग्रीसचा फराटा. "तापलेल्या ड्रमार थंड पाणी ओतल्यात तर तडाकतलो तो." त्याने बोटं ओली करून दोनच थेंब उडवले. चर्र झालं. "आता ह्याच्यार पोळे भाजूक गावतले."

नाव गौरेश. पूर्वी डिचोलीला खाणीच्या ट्रकांचे ब्रेक बांधायचा. खाणी थांबल्यावर इथे जुन्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून बसला होता. चाक निवेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. मग तो खाली वाकला, पान्याने कसलासा बोल्ट सैल केला, तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि धरून बसलेलं चाक सुटलं.

"पायप आतून सुजलो. ऑइल जाता, पण परत येणा नाय. किती महिने उभी होती गाडी?"

"बाबा गेल्यावर चार महिने."

तो पुढे काही बोलला नाही. मला ते आवडलं. लोक लगेच 'अरेरे' म्हणतात आणि मग आपणच त्यांची समजूत घालत बसायचं!

पिकअप बाबांची. महिनाभरापासून तिच्यातून मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला माल नेऊ लागले होते. चवथ जवळ आलेली, त्यामुळे गणपतीवरच्या माटोळीचं सामान हातोहात जायचं... नारळ, केळ्यांचे घड, सुपारीची शिपटं. साऱ्या गावाच्या गणपतीवर टांगायला मी फळं विकत होते आणि माझ्या घरात यंदा गणपतीच नव्हता. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराकडून दोन उंडे घ्यायचे, त्यातला एक संध्याकाळी शिळा खायचा. कधीकधी अख्ख्या दिवसात माझं बोलणं त्या पोदेराशी झालं तेवढंच. पुण्याहून शीतलताई उंटावरून शेळ्या हाकायची: "क्षमा, गाडी वीक, घराक कुलूप लाव, पुण्याक ये." शेवटी मी हो म्हणाले होते. रविवारी दोडामार्गचं गिऱ्हाईक येणार होतं. ब्रेक चांगले हवेत, एवढीच त्याची अट.

हे सगळं मी गौरेशला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. नवा पाइप बसवून झाला होता आणि ब्रेकमधली हवा काढायला त्याला पेडलवर कोणाचा तरी पाय हवा होता. मी केबिनमध्ये, तो मागे चाकाखाली.

"दाबा... परत दाबा... आता धरून रवा. सोडा!"

"एरवी कोण दाबतं?" मी खिडकीतून ओरडले.

"कोण नाय. सीटीक लाकडाचो दांडो टेकवन ठेवतंय. आज माणूस गावला!"

मला उगाचच हसू आलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि चेहरा दिसत नाही म्हटल्यावर माझं तोंड चालू झालं. किती बोलले देव जाणे. घरी पोहोचले तेव्हा गाडी लोण्यासारखी थांबत होती. आणि घर... घर तसंच होतं. मी भात दोघांचा लावला होता. रोजच लावायचे.

शनिवारी सकाळी मी पुन्हा शेडसमोर हजर.

"काय झालां?"

"चाक... परत तापतंय."

चोराच्या मनात चांदणं! माझी नजर भलतीकडेच. त्याने खाली बसून ड्रमवर तळवा ठेवला. चांगला ठेवून राहिला. चाक थंडगार होतं. तापायला त्याला काही कारणच नव्हतं. आता हा काय म्हणणार?

"बघूया," तो म्हणाला आणि जॅक लावला.

त्याने चाक काढलं, ड्रम काढला, कालच साफ केलेलं पुन्हा पुसलं, तास घालवला. मग म्हणाला, "बसा पेडलार."

"दाबा... धरून रवा."

मी धरून बसले. 'सोडा' काही ऐकू येईना. मांडी भरून आली.

"गौरेश?"

"फाल्यां, रविवारी, तो गिऱ्हाईक येतलो मा?"

"हो." माझा आवाज मलाच बारीक वाटला. "ऐका... चाक तापत नव्हतं."

"माका म्हायत असा."

"मग खोललंत कशाला?"

"तुमी एवढा खोटा बोलाक इलात. त्येचो मान राखूक नको?"

लाजेने कान तापले. पाय सोडला आणि खाली उतरले. तो चाकाखालून बाहेर आला, हात पुसत राहिला, स्वच्छ झालेली बोटंसुद्धा पुन्हा पुसली.

"विकू नका म्हणा ना," मी म्हणाले.

"नाय. ती विकाच. चेसी गंजली, उद्या दुसरा कायतरी जातला. तुमी एकट्या चालवतात. माका झोप येवची नाय." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "पण पुण्याक जाव नका."

"कशाला राहू?"

"तुमी माका आवडलात म्हणान." एवढं बोलून तो एकदम घाबरला. "...रागावल्यात?"

मी रागावले नव्हते. मला रडू येत होतं. पाच महिन्यांत मला 'ये' म्हणणारे पुष्कळ होते, 'जाऊ नको' म्हणणारं कोणी नव्हतं. आणि मलाही तो आवडला होता, अगदी त्या आरतीच्या बोलण्यापासून. तसं सांगूनही टाकलं. त्याने ग्रीसचे डाग तरीही राहिलेला हात माझ्या हाताजवळ आणला, मळेल म्हणून मागे घेतला... मीच धरला.

मग दुसऱ्या हाताने ताईला फोन लावला.

"गाडी विकते. पण मी येत नाय."

"एकटी काय करतलंस थंय?"

"एकटी नाय मी." ते वाक्य मलाच पुन्हा ऐकावंसं वाटलं. "एकटी नाय मी, ताई."

"आयकलां गो," ताई म्हणाली. "आता त्याचा नाव सांग."