उत्तर देणारी खिडकी

बोट वळणावर आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा आधीच जळत होता, आणि गोष्ट सांगणारे मास्तर आपलं वाक्य विसरले.

बत्तीस प्रवाशांपैकी ते एकीच्याच लक्षात आलं. मागच्या बाकावर एकट्या बसलेल्या बाईंच्या. पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढून तीन महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. खात्यात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. निवृत्त माणसाची संध्याकाळ एवढी लांबलचक असते, हे निरोपाच्या भाषणात कुणी सांगितलं नव्हतं. घरी एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातलं हसणं. म्हणून त्यांनी नदीवरच्या भुताच्या फेरीचं तिकीट काढलं होतं. भुतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. पण इथे निदान दीड तास कुणीतरी आपल्याशी बोलणार होतं.

गोष्ट सांगणाऱ्यांना बोटीवर भूतमास्तर म्हणत. उंच, थोडे वाकलेले, अंगात काळा कोट. पुलाखालच्या हाका त्यांनी अशा रंगवल्या होत्या की पुढच्या बाकावरचं नवं जोडपं एकमेकांना सोडायला तयार नव्हतं. खिडकीसमोर इंजिन बंद झालं. नदीपार गेलेला एक नावाडी परत आला नाही, आणि त्याची बायको अजून दिवा लावून वाट बघते, अशी ही गोष्ट. मास्तरांनी वर बघितलं आणि ते गप्प झाले.

"आहे का कुणी जागं?" शेवटी त्यांनी खिडकीला विचारलं. आवाजात दम नव्हता.

दिवा जळतच राहिला. गोष्ट अर्ध्यावर असताना तो एकदम विझला. प्रवाशांच्या अंगावर काटा आला, टाळ्या पडल्या. मास्तर मात्र त्या अंधाऱ्या खिडकीकडेच बघत राहिले.

बाईंनी सवयीनं घड्याळ बघितलं. साडेनऊ. तिकिटामागे फेरीच्या वेळा छापल्या होत्या: दिव्याची खिडकी, नऊ दहा.

उतरताना त्यांनी चालकाला विचारलं, रोज एवढा उशीर होतो का. चालक वैतागला. उशीर कसला, हीच वेळ. पुलाची जवळची कमान चार वर्षांपूर्वी बंद केली, तेव्हापासून लांबच्या कमानीतून वळसा पडतो. खिडकीशी पोचायला नऊ पंचवीस होतात. तिकिटं आणि धक्क्यावरचा फलक तेवढे जुनेच राहिलेत. मालकाला सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं होतं.

मास्तर धक्क्यावरच्या बाकावर एकटेच बसले होते. बाई शेजारी बसल्या.

"दिवा बघून तुम्ही का घाबरलात? तो तर रोज लागतो ना?"

"रोज लागतो. पण मी विचारल्यावर लागतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी या गोष्टीला शेवटच नव्हता. एका रात्री त्यांनी उगीच एका अंधाऱ्या खिडकीला प्रश्न विचारला. तीन श्वास गेले आणि खिडकीत दिवा लागला. दुसऱ्या रात्रीही लागला. कुणी काही ठरवलं नव्हतं. तिथे एक आजी एकट्या राहतात, एवढंच नंतर कळलं. त्या प्रश्न ऐकून खुर्चीतून उठायच्या, दिवा लावायच्या, आणि बोटीनं निघताना भोंगा दिला की विझवायच्या.

"आता सहा रात्री दिवा आधीच लागलेला असतो. आणि भोंग्याआधीच विझतो. तो दिवा त्यांचा नाही."

"तुम्ही त्यांना भेटलात कधी?"

"नाही."

"अकरा वर्षांत?"

"धीर झाला नाही. मी गेलो असतो, त्यांनी या म्हटलं असतं, पुढे काय बोलायचं? रोज रात्री मला कुणीतरी उत्तर देत होतं. तेवढं पुरत होतं."

बाईंना ते नीट समजलं, आणि समजलं म्हणून थोडं वाईटही वाटलं.

दोन वर्षांपूर्वी एकदा दिवा लागला नव्हता. तेव्हा मास्तरांनी बोट काठाला लावून चालकाला वर पळवलं. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या. वेळेवर उपचार झाले, हातात काठी आली, पण जीव वाचला. आजींची भाची दुसऱ्या दिवशी बोटीवर येऊन सगळ्यांचे हात जोडून आभार मानून गेली होती. या वेळी मास्तर स्वतः वर गेले, तर दाराला कुलूप. चौकीत गेले, तर तिथला माणूस म्हणाला, दिवा लागतोय ना, मग तक्रार कसली?

"तक्रार हीच," बाई म्हणाल्या. "उद्या मी बघते."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, बाई त्या इमारतीत गेल्या. तळमजल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता आणि ते न काढताच बोलला. आजींशी त्याचं तीन महिने बोलणं नव्हतं, कारण त्यांच्या नळाचं पाणी झिरपून त्याची दोन भिंतीवरची घड्याळं बिघडली होती.

"शेवटचं कधी बघितलंत त्यांना?"

"मागच्या बुधवारी. गुरुवारी माझं दुकान बंद असतं."

"नंतर दिसल्या नाहीत, तर चौकशी नाही केलीत?"

"रात्री दिवा दिसतो वर. म्हणजे असतील की. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून उतरत नसतील."

एक बिल्डर ही सगळी इमारत घेणार होता; मधले मजले रिकामेही झाले होते. घड्याळजीनं रुकार दिला होता, कारण त्याला दुसरीकडे मोठं दुकान मिळणार होतं. अडलं होतं फक्त आजींपाशी. त्यांनी साफ सांगितलं होतं की ही खिडकी सोडून मी कुठेही जाणार नाही.

भाचीचा नंबर त्यानंच दिला. भाची ऑफिस सुटल्यावर, साडेसातला आली. तोवर बाईंनी आपल्या जुन्या हवालदाराला बोलावून घेतलं होतं. तो आता दुसऱ्या साहेबांच्या हाताखाली होता, पण बाईंनी बोलावल्यावर जेवण टाकून आला.

भाची पस्तिशीची, गोड बोलणारी. तिनं कुलूप उघडलं, हाक मारली आणि दारातच थिजली. खोली रिकामी होती.

अंथरूण नीट घातलेलं. कोपऱ्यात काठी. खिडकीशी एक खुर्ची, बसून बसून खोलगट झालेली. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. खिडकीत दिवा होता, आणि त्याची वायर भिंतीवरच्या एका पांढऱ्या डबीत गेली होती. ठरल्या वेळी दिवा लावणारा आणि विझवणारा टायमर.

"हे काय? काल तर हे नव्हतं," भाची म्हणाली. "काल रात्री मी इथेच होते, मॅडम."

"रोज येता?"

"रोज. ऑफिसातून थेट इथे. मावशीला जेवायला वाढते, मग दोघी खिडकीशी बसतो. नऊ दहाला बोट येते, मावशी दिवा लावते, बोट गेली की मी निघते. तिला दुसरं आहे कोण?"

ती रडायला लागली. हवालदारानं पाणी दिलं. मग तिनंच हळूच सांगितलं की असले टायमर खालच्या दुकानात मिळतात. त्या माणसाचं आणि मावशीचं भांडण होतं, त्याला इथून जायची घाईही होती. आणि मावशी काठीशिवाय दोन पावलं टाकू शकत नव्हती.

हवालदार जिना उतरायला निघाला होता. बाईंनी त्याला थांबवलं. आधी जबाब लिहून घे, म्हणाल्या, सावकाश, शब्दन् शब्द. भाचीनं सगळं पुन्हा सांगितलं आणि खाली सही केली. तेव्हा नऊ वाजून गेले होते. मग बाईंनी घड्याळजीला वर बोलावलं आणि खोलीतला मोठा दिवा बंद केला.

डबीत टक् झालं. खिडकीतला दिवा लागला. नऊ दहा.

खाली नदी रिकामी होती.

एक मिनिट गेलं. दोन गेली. भाचीनं खिडकीतून वाकून बघितलं.

"बोट आज दिसत नाही," ती म्हणाली.

"येईल. बसा ना. रोज कुठे बसता तुम्ही?"

भाचीनं त्या एकुलत्या एक खुर्चीकडे बघितलं. "मी उभी राहते."

"आत्ता कुठली बोट?" अंधारातून घड्याळजी कुरकुरला. "नऊ पंचवीसला येते ती. चार वर्षं झाली. तिच्या भोंग्यावर तर मी शटर ओढतो."

भाचीनं वळून भिंतीवरच्या डबीकडे बघितलं. आता तिचं लक्ष नदीकडे नव्हतं.

"यांच्यावर माझाही संशय होता," बाई म्हणाल्या. "टायमर यांच्याकडे मिळतो, भांडण यांचं, फायदाही यांचा. पण यांनी लावला असता, तर नऊ पंचवीसचा लावला असता. या इमारतीत वावरणाऱ्या कुणालाही ती वेळ झोपेतही चुकणार नाही. नऊ दहा ही वेळ फक्त धक्क्यावरच्या फलकावर आणि तिकिटावर उरली आहे. ज्यानं हा लावला, त्यानं बोटीची वेळ वाचली होती, बघितली नव्हती. आणि तुम्ही म्हणता रोज बघता. तुमची सही आहे त्याखाली."

"माझी चूक झाली असेल वेळेत…"

"टायमर काल नव्हता म्हणालात. पण दिवा गेल्या गुरुवारपासून चुकतोय. त्या गुरुवारी खालचं दुकान बंद होतं, जिन्यावर बघायला कुणी नव्हतं. काठी इथे राहिली, म्हणजे आजी स्वतःच्या पायांनी गेल्या नाहीत. कुणीतरी त्यांना उचलून खाली नेलं. अनोळखी माणसाबरोबर त्या गप्प बसल्या नसत्या. दिवा का लावत ठेवला, ते सांगू? दोन वर्षांपूर्वी तो लागला नाही, तेव्हा बोटीवरची माणसं धावत वर आली. ते तुला चांगलं माहीत होतं, आभार मानायला तूच गेली होतीस. या जगात त्यांची चौकशी करणारं कुणी असेल, तर ती बोट. तेवढं एक तोंड तुला बंद करायचं होतं."

बाई कधी ‘तू’वर आल्या, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"तू एक संध्याकाळ, फक्त एकच संध्याकाळ मावशीजवळ बसली असतीस, तर पकडली गेली नसतीस."

खाली इंजिनाचा आवाज आला. नऊ पंचवीस. बोट खिडकीखाली येऊन थांबली, आणि अंधारातून तो प्रश्न वर आला.

"आहे का कुणी जागं?"

खोलीत कुणी हललं नाही. दिवा आपला जळत होता. भाची भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

मग तिनं सांगितलं. परवा, शुक्रवारी, बिल्डरच्या कागदांवर मावशीचा अंगठा घ्यायचा होता; तो मिळाला की जागेचे पैसे भाचीच्या हातात येणार होते. मावशी ऐकत नव्हती. गुडघा दाखवायला नेते म्हणून तिनं मावशीला नदीपलीकडच्या एका शुश्रूषागृहात नेलं आणि वारलेल्या सासूच्या कागदांवर, सासूच्याच नावानं भरती केलं. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, काहीही बोलते, असं तिथे सांगितलं. झोपेच्या गोळ्या चालू होत्या. मग कुणी तिचं ऐकायचा प्रश्नच नव्हता.

हवालदार भाचीला घेऊन गेला. साडेनऊला डबीत पुन्हा टक् झालं आणि खिडकी अंधारी झाली. घड्याळजी बराच वेळ कोपऱ्यातली काठी बघत राहिला. मग त्यानं ती उचलून बाईंच्या हातात दिली. "द्या त्यांना," म्हणाला. "आणि सांगा, नळाचं राहू दे."

बाई धक्क्यावर गेल्या. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत थांबल्या आणि मास्तरांना टॅक्सीत घातलं. वाटेत मास्तरांनी एकच विचारलं, मी कशाला येऊ, मी तर त्यांना ओळखतही नाही.

शुश्रूषागृहात अकराला पोचले. लांबट खोली, बारा पलंग, सगळे दिवे बंद. दारातच नर्सनं हळू आवाजात सांगितलं की तुम्ही म्हणता त्या आजी शांत आहेत, पण रोज रात्री गोळीच्या गुंगीतही उठून बसतात. बोट आली असेल म्हणतात, उशाशी दिव्याचं बटण चाचपडतात. आम्ही कागदावर लिहिलंय, भास होतात.

ती पलंग दाखवायला हात उचलणार, तोच बाईंनी तिला खुणेनं थांबवलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारा."

मास्तरांनी घसा साफ केला. बारा पलंगांपैकी एकाही चेहऱ्याशी त्यांची ओळख नव्हती.

"आहे का कुणी जागं?"

एक श्वास गेला. दुसरा गेला. कुणीतरी कूस बदलली. तिसरा श्वास गेला, आणि शेवटून दुसऱ्या पलंगाच्या उशाशी दिवा लागला.

एक बारीकशी म्हातारी बटणावर बोट ठेवून बसली होती. केस विस्कटलेले, डोळे पेंगुळलेले. तिनं दाराकडे बघितलं.

"सात रात्री झाल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही दुसरी खिडकी बघितलीत."

मास्तर पुन्हा आपलं वाक्य विसरले. ते तसेच चालत पलंगापाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी काठी पलंगाला टेकवून ठेवली, भिंतीकडची एक खुर्ची उचलली आणि त्यांच्यामागे ठेवली. मग जरा वेळ दाराशी घुटमळल्या, आणि जाऊन दुसरी खुर्चीही घेऊन आल्या.