हिरवा तास

निहिरा गुरवचं मन तिच्या आधी घरी पोचायचं. कानामागे डकवलेली नखाएवढी मनटिकली कातडीवरचा घाम, नाडीचे ठोके आणि आवाजातला कंप वाचायची आणि स्वयंपाकघरातल्या पडद्यावर एक ठिपका उमटवायची. हिरवा म्हणजे बरं चाललंय, पिवळा म्हणजे लक्ष द्या, तांबडा म्हणजे ताबडतोब फोन करा. तीन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या शाळांनी आठवीपासून पुढे ही टिकली सक्तीची केली, तेव्हा पालकांना हायसं वाटलं होतं. निहिराचे बाबा बोटीवर, सहा सहा महिने समुद्रात. आई रेश्मा काजूच्या कारखान्यातून दमून यायची आणि चपला काढायच्या आधी त्या ठिपक्याकडे बघायची.

पिवळा दिसला की प्रश्न सुरू.

"काय झालं गं? कोणी काही बोललं का?"

"काही नाही."

"मग पिवळं का?"

निहिरा आता सोळा वर्षांची होती. कधीकधी संध्याकाळचं ऊन कलायला लागलं की तिच्या आत काहीतरी हलायचं. लांब कुठेतरी आपलं काहीतरी राहून गेलंय आणि ते काय, हेच आठवत नाही, अशी ओढ. टिकली तिला ‘सौम्य उदासी’ म्हणायची. मग दुसऱ्या दिवशी शाळेतल्या समुपदेशक पोंक्षे मॅडम बोलावून घ्यायच्या, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावायच्या. दहा श्वासांत ती ओढ विरून जायची, आणि आपल्याकडचं काहीतरी कोणी काढून नेलं असं निहिराला वाटत राहायचं.

डिसेंबरात तिला चिरेखाण सापडली. गावामागच्या कातळाच्या उघड्या सड्यावर, जांभा दगड कापून कापून झालेला एक चौकोनी खड्डा. काम कधीच बंद पडलेलं. कापलेल्या पायऱ्यांवरून तळाशी उतरलं की चारी बाजूंना तांबड्या भिंती आणि वर आभाळाचा तुकडा. रेंजचा पत्ता नाही. पहिल्यांदा फोनवर ‘टिकलीचा घराशी संपर्क तुटला’ अशी अक्षरं उमटली, तेव्हा ती घाबरली. मग हळूच खाली बसली.

शाळा सुटल्यावर पाच ते सहा ती रोज तिथे जायला लागली. घरी वाचनालयाचं नाव. सुरुवातीला नुसती बसायची. मग बोलायला लागली, मोठमोठ्याने. वर्गात सगळे तिला ‘शांत मुलगी’ म्हणायचे. इथे तिला कळलं की ती मुळीच शांत नाही. ती समुद्रावरच्या बाबांशी कडाकडा भांडली. बेसूर गायली. एकदा अर्धा तास रडली आणि का रडतेस असं कोणीही विचारलं नाही. घरी परतताना तिला वाटायचं, जिच्याविषयी नुसतं ऐकलं होतं अशा कुणाला तरी आपण भेटून येतोय.

असे पाच आठवडे गेले. जानेवारीतल्या एका संध्याकाळी वर चढताना एक सुटा चिरा पायाखालून निसटला आणि ती तळाशी आदळली. उजवा घोटा बघता बघता सुजला. उभं राहवेना.

आता आईला ठिपका दिसणार नाही, तिने स्वतःला समजावलं. ती कारखान्यातून येईल, पडदा कोरा दिसेल, शोधायला निघेल. सहा वाजले. ऊन भिंतीवरून वर सरकत नाहीसं झालं. तिने हाका मारल्या, आधी "कोणी आहे का" आणि मग नुसतंच "आई". कोणी आलं नाही. ज्या भिंती तिला लपवत होत्या, त्याच तिच्या हाका परत तिच्याकडे पाठवत होत्या. शेवटी ती बसल्या बसल्या, हातांवर जोर देत, एकेक पायरी मागे सरकत वर चढली. कोपरं सोलून निघाली. काठावर पोचली तोच फोन वाजला.

"अगं, काय झालं?" रेश्माचा आवाज चिरकला होता. "एकदम तांबडं! इतका वेळ तर छान हिरवी होतीस!"

निहिराने जागा सांगितली आणि दहा मिनिटांत रेश्मा स्कूटर घेऊन आली. ओढणीने तिने लेकीचा घोटा घट्ट बांधला, खाणीत वाकून पाहिलं आणि तिथेच कातळावर बसली. फोन काढून तिने दिवसाची रेघ दाखवली.

"हे बघ. पाचपासून सातपर्यंत हिरवंगार."

निहिराने पाहिलं. त्या हिरव्या रेघेपाशी एक बारीक पोकळ गोल होता. रेश्माला तो नक्षीचा भाग वाटत आला होता. निहिराने त्यावर बोट ठेवलं. अक्षरं उमटली: ‘संपर्क नसताना मागील तीन वर्षांच्या नोंदींवरून अंदाज दाखवला जातो.’

रेश्माने ती अक्षरं दोनदा वाचली. "रोज या तासाला तू इतकी खूश दिसायचीस. मी तुझ्या बाबांनाही कळवलं होतं, पोरगी आता रमलीये म्हणून."

"ती मी नव्हते, आई."

"मग तू कशी होतीस?"

या तीन वर्षांत आईने पडद्याकडे न बघता विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. निहिरा म्हणाली, "कधी रडत होते. कधी भांडत होते. कधी काय होतंय तेच कळत नव्हतं, पण ते बरं वाटत होतं. आज घाबरले होते. तुला हाका मारत होते."

"आणि मी घरी निवांत पावटे सोलत होते," रेश्मा म्हणाली. तिचा हात लेकीच्या कानामागे गेला. नख टिकलीच्या कडेखाली शिरलं, तेवढ्यात निहिराने तिचं मनगट धरलं.

"काढ. मला नकोच आहे ती. पण मग तू बघणंच सोडून देशील, असं नको करूस."

रेश्माचं बोट तिथेच थांबलं. सड्यावर वारा सुटला होता आणि निहिराच्या आत ती जुनी ओढ पुन्हा उठली होती. शेजारी कोणी असतानाही ती या वेळी विरली नाही.

"रोज विचारलं तर तू चिडतेस," रेश्मा हलकेच म्हणाली. "नाही विचारलं तर असं होतं. मला कळायचं कसं गं, कधी विचारायचं आणि कधी नुसतं जवळ बसायचं?"